तोडून पाहणारे सर

माझी पहिली नोकरी एका तडकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीमुळे लागली. वाशीमजवळच्या एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल विभागाला अधिव्याख्याता हवा होता. मी एम.टेक.ची ताजी पदवी आणि नवा निळा शर्ट घेऊन मुलाखतीला हजर झालो. समोर प्राचार्य, संस्थेचे एक संचालक आणि अगदी टोकाला एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. दोघं माझ्याकडे पाहत होते. ते गृहस्थ मात्र माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीकडे पाहत होते. मी "थँक यू सर" म्हणत रुबाबात बसलो, खुर्चीचा मागचा पाय फाकला आणि मी खुर्चीसकट खाली गेलो.

पडताना माझा चष्मा उडाला. चष्म्याशिवाय मला माणूस आणि कपाट यांतला फरक कळत नाही, म्हणून मी गुडघ्यांवर बसून त्या मोडक्या खुर्चीखाली चाचपडायला लागलो. प्राचार्य उठले, शिपाई धावला, संचालक हसू दाबत पाणी प्यायले. तेवढ्यात टोकाकडून आवाज आला, "ह्याले घ्या."

"अहो, पण अजून एकही प्रश्न विचारला नाही," प्राचार्य म्हणाले.

"इचारला ना. याच्या आधी दोघं पडले. त्याइनं उठून पँट झटकली. यानं पह्यले खुर्ची कुठून तुटली ते पाह्यलं."

मी चष्मा लावला, गंभीर चेहरा केला आणि खुर्चीच्या पायाकडे असं पाहिलं, जणू इतका वेळ मी तेच करत होतो. अशा रीतीनं मी सरांच्या, म्हणजे टोकाला बसलेल्या त्या गृहस्थांच्या, विभागात दाखल झालो. पुढे बऱ्याच वर्षांनी, चहा पिताना, मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "मले ठाऊक हाय. तुया चष्मा माया बुटापाशी येऊन पडला होता. म्याच पायानं तुयाकडे सरकवला. पन खुर्चीले शिव्या न देता पडनारा तू एकलाच होता."

सर विभागप्रमुख होते. पदार्थांची ताकद आणि यंत्रांच्या भागांची रचना हे दोन विषय ते शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'तोडे सर' म्हणायची. ते त्यांचं आडनाव नव्हतं, पण टपालवालासुद्धा त्याच नावानं विचारत यायचा. कारण एकच होतं. हातात आलेली वस्तू तोडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पेनाची क्लिप, बांगडीचा तुकडा, कुल्फीची काडी, डब्याचं झाकण, काहीही. तोडून झालं की तुटलेली कड डोळ्यांजवळ नेऊन ते उजेडात फिरवायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी कोणी बसायला मागत नसे, कारण हे पापड आधी बोटानं दाबून वाकवायचे, मग मोडायचे, मग शेजारच्याचाही मागायचे. "तुया जरा सादळला हाय. माया कडक हाय. दोन्हीचा आवाज आयक." वधूपिता समोरून आग्रह करत येत असायचा आणि हे कानाशी पापड धरून बसलेले असायचे.

त्यांचा पहिला तास मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहिला आहे. नव्या माणसानं बसून पाहावं असा त्यांचाच नियम होता. ते आत आले, फळ्यावर काही लिहिलं नाही, एक खडू दोन्ही हातांत धरून वाकवला. तो सरळ मोडला. दुसरा खडू घेऊन त्यांनी तो ओलं फडकं पिळावं तसा पिळला. तो मोडला, पण तिरका, जिन्याच्या वळणासारखा. दोन्ही तुकडे त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिले.

"खडू एकच. काहून येगळा तुटला?"

तुकडे हातोहात मागच्या बाकापर्यंत आले. मला उत्तर समीकरणासकट येत होतं, पण खडू पिळल्यावर खरंच असा तुटतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मग त्यांनी सगळ्यांना तारेचा एकेक तुकडा वाटला आणि तुटेपर्यंत इकडून तिकडे वाकवायला लावला. "तुटली का? आता तुटलेलं टोक ओठाले लावा." सगळ्या वर्गानं लावलं आणि सगळा वर्ग एकदम मागे सरकला. तार चटका बसण्याइतकी तापली होती.

"तिले त्रास होऊन राह्यला होता," सर म्हणाले. "तुमाले दिसला नाई. हेच शिकाचं हाय तीन वर्सं."

त्यांचं सगळं शास्त्र एका प्रश्नावर उभं होतं. कुठलाही धातू, लाकूड, प्लॅस्टिक हातात आलं की ते विचारायचे, "हे तुटाच्या आधी बोलते का?" वाकणं, ताणलं जाणं, कुरकुरणं, रंग उडणं, हे सगळं त्यांच्या लेखी बोलणं होतं. जे वाकतं ते त्यांना आवडायचं. जे शेवटच्या क्षणापर्यंत ताठ उभं राहतं आणि मग एकदम दोन तुकडे होतं, त्याला ते 'मुका' म्हणायचे. "काच मुकी. बिडाचं लोखंड मुकं. त्याइच्यापाशी उभं राहाचं नाई."

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांची धास्ती होती. दुकान एका जैन शेटजींचं. तिथं सर चार बोल्ट घ्यायला जायचे आणि अख्खी पेटी गल्ल्यावर ओतायचे. प्रत्येक बोल्टचे आटे नखानं पाहायचे, डोक्याखालचा कोपरा भिंगातून पाहायचे. मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. एकदा शेटजी हात जोडून म्हणाले, "सर, बोल्ट घ्याचा हाय का त्याचं लगन लावाचं हाय?"

"शेटजी, लगन मोडलं तं मानूस मरत नाई," असं म्हणून सर पुढचा बोल्ट पाहायला लागले.

ते नेहमी बरोबर असायचे असं मात्र नाही. हे सांगायलाच हवं, नाही तर मी त्यांचा देव करून ठेवीन. एका वर्षी गॅदरिंग ऐन रंगात असताना सर पहिल्या रांगेतून उठले आणि स्टेजवर चढून नाच थांबवला. "स्टेज कुरकुरून राह्यलं. खाली उतरा सगळे." मुलं उतरली. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहत राहिले. सरांनी टॉर्च घेऊन, सदऱ्याला चिखल लावून घेत, स्टेजखाली सरपटत जाऊन प्रत्येक लाकडी बल्ली, प्रत्येक गाठ तपासली. स्टेज ठणठणीत होतं. कुरकुरत होतं ते ढोलकी वाजवणाऱ्याचं स्टूल. सर बाहेर आले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "माही चूक झाली. स्टेज पक्कं हाय. स्टूल बदला." एवढं बोलून ते पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि उरलेला कार्यक्रम मांडीवर ताल धरत पाहिला. त्यांच्या जागी मी असतो तर महिनाभर रजा टाकली असती.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे सगळं हसत सोसायच्या. घरात दिवाणाखाली, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे तुटक्या वस्तू असायच्या. थ्रेशरचे शाफ्ट, सायकलचे पॅडल, पंपाच्या आतले पंखे. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा काकूंनी पोहे दिले आणि म्हणाल्या, "चमचा जपून वापरा. ते मागून घेतील."

आता माझ्याबद्दल. मी त्या काळात स्वतःला डिझाइनमधला तज्ज्ञ समजत असे. माझ्याकडे लॅपटॉप होता आणि त्यात असं सॉफ्टवेअर होतं की कुठल्याही भागाचं चित्र काढून त्यावर भार टाकला, तर तो भाग लाल-पिवळा-हिरवा होऊन कुठं किती ताण आहे ते दाखवायचा. मी ती रंगीत चित्रं स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत असे. सर प्रत्येक वेळी मनापासून पाहायचे आणि म्हणायचे, "लय झ्याक रंगपंचमी हाय." मला ते कौतुक वाटायचं. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला केनवडच्या विहिरीत उतरावं लागलं.

केनवड ही माझी सासुरवाडी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या उन्हाळ्यात वावरातली जुनी विहीर खोल करत होते. काठावर यारी बसवली होती. यारी म्हणजे विहिरीतून दगडमाती ओढून काढायचं यंत्र. एक लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून वायररोप, त्याला मोठी लोखंडी बादली आणि मागे डिझेल इंजिन. माणसंही त्याच बादलीत बसून खाली उतरतात. ही यारी मामाजींनी शेजारच्या गावातून आणली होती आणि तिची एक खोड होती. कप्पी ज्या पिनेवर फिरते ती पिन दर थोड्या दिवसांनी वाकायची. मग काम बंद, पिन ठोकून काढा, नवी घाला.

"जवाई, तुमी तं यातलेच," मामाजी मला जेवताना म्हणाले. "हे पिन वाकनं बंद करता येते का?"

सासुरवाडीत जावयाला ज्ञान विचारलं जाणं हा दुर्मिळ योग असतो. मी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "अशी पिन देतो मामाजी, जन्मात वाकणार नाही."

मी लॅपटॉपवर पिन काढली. भार टाकला. ती लाल झाली. मी धातूची ताकद वाढवली. ती हिरवी झाली. इतकं ते सोपं होतं. मग मी भंगारातून ट्रकच्या एक्सलचा तुकडा आणला, वर्कशॉपमधून हवा तसा करून घेतला, भट्टीत लालबुंद तापवला आणि पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला. थंड झाल्यावर कानस फिरवून पाहिली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. इतकी कठीण वस्तू मी स्वतः तयार केली याचा मला भयंकर आनंद झाला. पाणी पाजलेलं पोलाद नंतर पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो, हे मी दर वर्षी मुलांना शिकवत होतो. पण ताठा उतरवला की कठीणपणा कमी होतो, आणि एवढा कमावलेला कठीणपणा कमी कशाला करायचा, असा मी विचार केला. पिन केनवडला पोचली, बसली, आणि मामाजींचा फोन आला की काम झकास चाललं आहे, पिन जागची हलत नाही.

शनिवारी दुपारी डबा खाताना मी ही कथा स्टाफरूममध्ये सांगितली, थोडी रंगवूनच. सर पोळीचा तुकडा मोडत होते. त्यांचा हात थांबला.

"पानी पाजलं?"

"हो सर. कानस लागत नाही."

"मंग परत गरम केली?"

"नाही सर. गरजच वाटली नाही."

"मानसं उतरते का त्या बादलीत?"

मी हो म्हणालो. सरांनी डब्याला झाकण लावलं आणि खुंटीवरचं हेल्मेट घेतलं. "फोन लाव. बंद करा म्हन."

मी मामाजींना फोन लावला. तो सासूबाईंनी उचलला. "ते तं वावरात गेले. फोन घरीच राह्यला." कोणाला तरी पाठवा म्हटलं, तर घरी कोणी नव्हतं. त्यांना गुडघ्यांमुळे वावरापर्यंत चालवत नाही. मी खाली धावलो तेव्हा सर स्कूटर सुरू करून बसले होते.

त्यांच्या मागे बसून प्रवास करणं म्हणजे एरवी शिक्षा. स्कूटरच्या स्प्रिंगा थकतात म्हणून ते प्रत्येक गतिरोधकावर जवळजवळ थांबायचे. त्या दिवशी रिसोड रोडवर त्यांनी एकाही गतिरोधकाची दखल घेतली नाही. मी मागे उडत होतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की पिन टिकेल. भार एवढा, जाडी एवढी, ताकद एवढी. हिशेब दर वेळी बरोबर येत होता, आणि दर वेळी मी तो पहिल्यापासून पुन्हा मांडत होतो.

वावरात पोचलो तेव्हा इंजिन धडधडत होतं आणि दगडांनी शिगोशीग भरलेली बादली विहिरीच्या अर्ध्यात लोंबत होती. खाली, तळाशी, टोळीतली दोन माणसं उभी होती, बरोबर बादलीखाली. मी "बंद करा" असं ओरडणार तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला.

"झटका बसन. ओरडू नको." ते इंजिनवाल्याकडे चालत गेले, पळत नव्हे, आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "भाऊ, हळू सोड खाली. एकदम हळू. ब्रेक मारू नको." मग काठावर पोटावर झोपून आत हाक दिली, "भिताडाले चिपकून उभे राहा रे. वर पाहू नोका."

बादली खाली गेली. किती वेळ गेली ते सांगता येत नाही, पण तेवढ्या वेळात मी माझी नोकरी, संसार आणि पदवी तिन्ही मनातून परत करून टाकली. बादली तळाला टेकली, दोर सैल झाला, आणि सर उठून बसले. त्यांचे कोपरे सोलले होते. वरच्या बांधकामात लोखंडी पायऱ्या होत्या, त्यांना दोराची शिडी बांधून खाली सोडली. दोघं वैतागत वर आले.

मामाजी धावत आले होते. "काय झालं जवाई? कोनी गेलं का?"

"कोनी गेलं नाई," सर म्हणाले. "म्हनूनच आलो."

पिन काढली. सरांनी ती एका पोत्यात गुंडाळून दगडावर ठेवली आणि घन माझ्या हातात दिला. "तूच मार."

सगळी टोळी, मामाजी, शेजारच्या वावरातले दोघं, सगळे भोवती. मी घन उचलला आणि हलकेच मारला. काही झालं नाही. माझ्या चेहऱ्यावर, मी कबूल करतो, थोडी चमक आली.

"लाजू नको," सर म्हणाले. "मार."

मी दुसरा घाव जोरात घातला. पोत्याच्या आतून बारीकसा 'टक्' आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. सरांनी पोतं उलगडलं. पिनेचे दोन तुकडे झाले होते. तुटलेली जागा आतून खडीसाखरेसारखी चकाकत होती. आणि माझं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. पिन जराही वाकली नव्हती.

खालून वर आलेल्या दोघांपैकी एकानं तुकडा उचलून पाहिला आणि जपून, काही चावेल अशा भीतीनं, परत ठेवला. मामाजी पिनेकडे पाहत नव्हते. ते विहिरीकडे पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जवाई, सावलीत बसा." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जास्त आनंदानं सावलीत बसलो असतो.

सर एव्हाना जुन्या, वाकलेल्या पिना मागवून त्या रांगेनं मांडून बसले होते. त्या सगळ्या एकाच बाजूला वाकल्या होत्या. "पिनीत खोट नाई," ते मामाजींना म्हणाले. "तुमी बादली लय भरता आनं इंजिन झटक्यानं उचलते. ही बिचारी दर खेपेले वाकून सांगून राह्यली होती. तुमी तिलेच बदलून राह्यले होते."

"आमच्या जवायानं तिचं तोंडच बंद केलं," मामाजी म्हणाले. हे वाक्य नंतर सासुरवाडीत बरेच दिवस चाललं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सर साध्या लोखंडाची, थोडी जाड पिन घेऊन पुन्हा आले. त्यांनी बादलीच्या आत रंगाची एक रेघ मारली, हिच्यावर दगड भरायचे नाहीत. मग नेमकं त्या रेघेच्या वर, शीग लावून दगड भरायला लावले, बादली उचलून हवेत धरून ठेवली, उतरवली, पिन काढून पट्टी लावून पाहिली. सरळ. पुन्हा बसवली.

"आता मानूस," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी?"

"मंग कोन? डिझायनर तू. आनं तपासलं म्या, म्हनून मी बी."

आम्ही दोघं बादलीत बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. इंजिन सुरू झालं, काठ वर गेला, मामाजींचा चेहरा लहान होत गेला. अर्ध्यात गेल्यावर इंजिन फट्फट् करून बंद पडलं. वरून हाक आली, "डिझल सरलं. आनतो. बसा."

जसं काही आम्हाला दुसरीकडे जायचं होतं. बादली सावकाश गोल फिरत होती. वर बशीएवढं आभाळ, खाली काळा खडक. मी दोन्ही हातांनी कडी धरली होती आणि वरच्या पिनेवरून नजर हटवत नव्हतो.

"सर, काही होणार नाही ना?"

"सांगता येत नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी धीर द्यावा अशी माझी माफक अपेक्षा होती.

"झालं तं पह्यले वाकन ते," सर म्हणाले. "वाकलं तं आपल्याले दिसन. दिसलं तं त्या पायरीले हात पोचते. म्या येतायेताच पाहून ठेवलं." त्यांनी बोट दाखवलं. भिंतीतली एक लोखंडी पायरी खरंच हाताच्या अंतरावर होती. "भेव वाटून राह्यलं?"

"हो."

"मले बी," ते म्हणाले, आणि खिशातून शेंगदाणे काढून त्यांनी अर्धे मला दिले. डिझेल येईपर्यंत आम्ही शेंगदाणे खात, फिरत बसलो. पिन वाकली नाही.

त्या दिवसापासून केनवडच्या घरात माझी जागा बदलली. मामाजींचा फोन मला यायचा, पण "सर हायेत का जवळ?" म्हणून. पाइपलाइनचा सांधा, ट्रॅक्टरचा हुक, झोपाळ्याची कडी, सगळं सरांना विचारून. तुरीची डाळ वाशीमला यायची ती दोन पिशव्यांत, मोठी सरांची. सणाला सरांना जेवायला बोलावणं असायचं आणि त्यांना आणायला-सोडायला मी. मामाजी आणि सर ओट्यावर बसून तासन् तास मोडक्या वस्तूंवर बोलायचे. मी आत बायकोला सांगायचो की बघ, जावई मी आहे. ती म्हणायची, "मग तुम्ही पण काहीतरी खरं बोला त्यांच्याशी."

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं आणि घरातला, विभागातला सगळा तुटका खजिना त्याच्या गाडीत भरून दिला. मी म्हटलं, सर, निदान काही तुकडे मुलांना दाखवायला ठेवू. ते म्हणाले, "नवे तुटतच राह्यते. ते दाखव." मग ते आणि काकू पुण्याला मुलीकडे राहायला गेले. तिथून महिन्याकाठी फोन यायचा. त्यांच्या तक्रारीचा सूर एकच. इथं काही तुटायच्या आधीच लोक फेकून देतात, पाहायला काही मिळत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामाजींचा उजवा गुडघा बदलायचा ठरला. सासूबाईंचे गुडघे आधी गेले होते, पण त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला होता. मामाजी तयार झाले आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर फिरले. त्यांनी सही करायला नकार दिला. डॉक्टरांनी येऊन समजावलं, माझ्या मेहुण्यानं समजावलं, माझी बायको रडली. मी खाटेजवळ बसून सकाळपासून एकच वाक्य म्हणत होतो, "काही होत नाही मामाजी. आजकाल हे अगदी साधं असतं." दर वेळी ते माझ्याकडे पाहायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत सही नाही झाली तर दुसऱ्या पेशंटला घेतो.

मी व्हरांड्यात जाऊन सरांना फोन लावला. त्यांनी धातू कुठला, कंपनी कुठली, काही विचारलं नाही. म्हणाले, "त्याइले दे."

मी फोन मामाजींच्या कानाशी धरला. सरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"सर, हे लोखंड पायात तुटन का?" मामाजींनी विचारलं.

"तुटाचं भेव कमी. झिजते. दोन धातूइच्या मधात प्लॅस्टिक असते, ते झिजते."

"कवा?"

"पंधरा वर्सं, वीस वर्सं. चालान तसं."

मामाजींनी मनात वय मोजलं. "मंग तं मी नवदीच्या घरात जाईन."

"तवा मले फोन करजा. मी बी तिथंच असन."

मामाजींच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं खोकला. ते हसत होते.

"दुखते का सर?"

"लय दुखते. काकूचा केला ना मागल्या वर्सी. पह्यला महिना मले लय शिव्या देल्या तिनं. तुमी जवायाले द्या."

"त्या तं देईनच," मामाजी म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि विचारलं, "सई कुठी कराची हाय?"

मी बाहेर येऊन फोन कानाला लावला. "सर, तयार झाले."

"तू काय सांगून राह्यला होता त्याइले?"

"काही होत नाही म्हणून."

"हं," सर म्हणाले. "काकू पोहे थंडे होते म्हनते. ठेवतो."

मी परत आत गेलो तेव्हा सही झाली होती आणि मामाजी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना, ज्यांचं तेच ऑपरेशन दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं, उत्साहानं सांगत होते की लय दुखते आणि प्लॅस्टिक झिजते. ते गृहस्थ पांढरे पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा इस्त्रीचा शर्ट आणि चष्मा पाहून त्यांना आधार वाटला असावा.

"साहेब, काही होत नाई ना?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते गिळलं.

"दुखेल," मी म्हणालो. "पहिला महिना बराच त्रास होईल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग उशीवर मागे टेकले आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले. "बरं," ते म्हणाले, आणि मामाजींकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "हे डॉक्टर हायेत का?"

"नाई," मामाजी म्हणाले. "जवाई हाय. आता शिकून राह्यला."